शिंपिणीची सुई

पावसाळ्यांत डहाणूहून घोलवडच्या बाजूस निघालांत, तर चिकूच्या वाड्यांतून ‘टुविट् टुविट्’ असा ठणठणीत आवाज कानीं पडेल. ज्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याच ह्या वाड्या. आवाज ऐकून कोणी थोराड पक्षी डोळ्यांपुढें येतो. प्रत्यक्षांत असतो तो वितीहून लहान, आठ-नऊ ग्रॅम वजनाचा शिंपी. माथा तांबूस, पाठ हिरवी, पोट पांढुरकें आणि शेंपटी सदैव उभारलेली.

त्याचें गणगोत मात्र दूरदेशीं आहे. शास्त्रज्ञ त्याला ज्या कुळांत घालतात, त्यांतील बहुतेक जाती आफ्रिकेच्या गवताळ माळांवर आणि विरळ रानांत किडे टिपीत हिंडतात. आपला वटवट्या त्याच कुळांतला.

नांव शिंप्याचें असलें, तरी सुई असते शिंपिणीच्या हातीं. एखादें रुंद पान, किंवा जवळजवळचीं दोन-तीन पानें ती निवडते. पानाच्या कडेला चोंचीनें भोंक पाडते आणि त्यांतून कापसाचा, कोळ्याच्या जाळ्याचा अथवा झाडाच्या सालीचा तंतु ओवते. गांठ ती मारीत नाहीं. बाहेर आलेलें टोंक पिंजून फुगतें आणि रिबिटीसारखें अडकून राहतें. प्रत्येक टांका स्वतंत्र, म्हणून एक निसटला तरी शिवण उसवत नाहीं. अशा द्रोणांत मऊ कापूस घालून ती तीन-चार अंडीं घालते. किपलिंगच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मधील ‘दर्जी’ हाच पक्षी. तेथेंहि नवरा गात बसतो आणि शहाणपण बायकोजवळ असतें!

ह्या शिवणकामांतली खरी खुबी अशी, कीं पान देठावरून तुटत नाहीं. तें जिवंत, हिरवें राहतें, आणि म्हणून घरटें दिसतच नाहीं. पण हीच गोष्ट त्याच्या जिवावर येते. घरटें बहुधा कंबरेएवढ्या उंचीवर, झुडपांत असतें. डहाणूच्या वाडींत किंवा तलासरीच्या परसांत रान माजलें म्हणून कोयता फिरतो, तो नेमका ह्याच दिवसांत. कोयता चालविणाराला पानामागचीं अंडीं दिसत नाहींत. कीटकनाशकाचा फवारा आणखी वेगळा घाव घालतो: घरटें शाबूत राहतें, पण पिलांच्या तोंडची अळी जाते.

अंडीं उबविण्यास सुमारें बारा दिवस लागतात, आणि पिलें उडूं लागण्यास जवळजवळ तितकेच. म्हणजे महिनाभरहि नव्हे. आपल्या गच्चीवरच्या कुंडींत शिंपीण कापूस घेऊन शिरतांना दिसली, तर तेवढे दिवस कुंडी हलवूं नये आणि कात्रीहि लावूं नये. पाणी द्यावें, पण मुळाशीं.