सुभेदार रामजींची दुसरी लढाई

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. १९१३ साली याच तारखेला मुंबईत त्यांचे निधन झाले. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर आपल्या घराघरात पाळले जातात. २ फेब्रुवारी मात्र अनेक विहारांत नुसताच येतो आणि जातो. 'बाबासाहेबांचे वडील' एवढे म्हटले की रामजींची ओळख आपल्यासाठी संपते. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

हिंगोलीला फौज नवी नाही. निजाम काळात हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत हिंगोलीत होती. आजही आपल्या वस्त्यांत फौजेतून निवृत्त झालेले आजोबा भेटतात. पेन्शनीच्या कागदांची जपून बांधलेली पिशवी घेऊन ते वकिलाकडे येतात. अशी पिशवी पाहिली की मला रामजी आठवतात. तेही पेन्शनरच होते.

रामजींनी इंग्रजांच्या फौजेत नोकरी केली, लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले आणि सुभेदार पदावर असताना १८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले. ज्या महारांनी १८१८ साली भीमा कोरेगावला इंग्रजांसाठी रक्त सांडले, त्यांच्याच मुलांना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतीचे दार बंद केले. गोपाळबाबा वलंगकर, रामजी यांच्यासारख्या निवृत्त सैनिकांनी त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. स्वतःची नोकरी पूर्ण झाली होती, पेन्शन सुरू होती. गप्प बसले असते तर कोणी विचारले नसते. पण मागून येणाऱ्या पोरांसाठी हा माणूस उभा राहिला. दार तेव्हा उघडले नाही. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा रामजी हयात नव्हते. त्यासाठी आग्रह धरणारा त्यांचा मुलगा मात्र व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होता.

फौजेचा हुद्दा गावात किती चालतो, हेही या घराने पाहिले. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला सरकारी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. पत्र नोकराच्या विसरभोळेपणामुळे रामजींपर्यंत पोचलेच नव्हते. मुलांची जात कळताच गाडीवाले मागे सरले. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून जावे लागले. वाटेत पाणीही मिळाले नाही. सुभेदाराची पोरे असूनही ही गत! जातीपुढे हुद्दा टिकत नाही, हे बाबासाहेब तेव्हापासून जाणून होते.

पण रामजींची सर्वांत मोठी लढाई घरातच झाली. पत्नी भीमाबाई १८९६ साली गेल्या. बहीण मीराबाईंनी घर सांभाळले. पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत हा म्हातारा स्वतः जागा राही, पहाटे दोन वाजता भीमाला अभ्यासाला उठवी आणि मग स्वतः झोपे. मुलाने पुस्तक मागितले की धाकट्या मुलीकडे उसने मागायला जाई. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जाई, तिचा दागिना गहाण ठेवी आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देई. बाबासाहेबांच्या विद्वत्तेत तुळसा आणि मंजुळा या बहिणींच्या दागिन्यांचा वाटा आहे, हे आपण किती भाषणांत सांगतो?

रामजी कबीरपंथी होते. मुलांकडून रामायण, महाभारत वाचून घेत. हे का वाचायचे, असा प्रश्न भीमाने केला. बापाने उत्तर दिले, ते मुलाला पटले नाही. तरी बापाने प्रश्न विचारणारे तोंड दाबले नाही. मुलाच्या हाती केळुसकर गुरुजींनी लिहिलेले बुद्धचरित्र आले, तेही याच घरात. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेची सुरुवात अशी एका निवृत्त सुभेदाराच्या खोलीतून होते.

शेवटही विसरता येत नाही. १९१३ च्या जानेवारीत बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. वडील आजारी असल्याची तार आली. परतताना सुरतला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा म्हातारा मुलासाठीच श्वास धरून होता. मुलाच्या पाठीवर हात फिरला आणि डोळे मिटले.

माझ्या जिल्ह्यातील निवृत्त जवान, शिक्षक, कर्मचारी बांधवांना म्हणून हात जोडून सांगणे आहे. आपल्या वस्तीतील किती आईबाप ऊसतोडीला जातात आणि त्यांची पोरे शाळेबाहेर पडतात, ते तुम्हाला माहीत आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीची कागदे, वसतिगृहाचा फॉर्म भरून देणारे कोणी नसते. आठवड्यातून दोन तास विहारात बसा. पेन्शनीतून एका पोराची पुस्तके घ्या. आपला नातू शिकला म्हणून थांबू नका, शेजारच्या झोपडीतली नातही आपलीच आहे.

गणवेश उतरला तरी लढाई संपत नाही. रामजींनी ते करून दाखवले. त्यांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन. जयभीम!