वाचायला सोपं, कंबरेला अवघड
‘मणक्यात गॅप आहे. वाकू नका. जड उचलू नका.’ कंबरदुखीबद्दल मोबाइलवर शोधायला बसलं की असला मजकूर हमखास समोर येतो. छोटी वाक्यं, ओळखीचे शब्द. वाचनसुलभतेच्या परीक्षेत तो पैकीच्या पैकी गुण मिळवील.

ही परीक्षा जुनी आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८मध्ये सूत्र मांडलं: वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात किती उच्चारखंड, ते मोजा. १९७५मध्ये पीटर किनकेड यांनी अमेरिकी नौदलाच्या पुस्तिकांसाठी ते शाळेच्या इयत्तांमध्ये बसवलं. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या पातळीचा असावा, अशी तिकडे शिफारस आहे; जुनाट दुखण्यांवरची इंग्रजी माहिती बहुधा त्याहून अवघड निघते. मराठीला हे माप लावणं म्हणजे फजितीच. सात अक्षरी ‘गुडघेदुखीमुळे’ कुठल्याही आजीला कळतं, चार अक्षरी ‘अपक्षय’ मात्र तिच्या नातवालाही अडतो.

पण खरी गोम पुढे आहे. मजकूर खरा की खोटा, हे सूत्राला दिसतच नाही. ज्याला आपण ‘गॅप’ म्हणतो तिथे बहुतेकदा उलटंच घडलेलं असतं: दोन मणक्यांमधली चकती झिजून अंतर कमी झालेलं असतं. आणि ही झीज दुखणं नसलेल्यांच्या पाठीतही सर्रास सापडते. २०१५मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून कंबर न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या एमआरआय आणि सीटी तपासण्या पाहिल्या गेल्या. फुगलेली चकती विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत दिसली. केस पिकावेत तसंच हे. पण रिपोर्ट हातात पडला की माणूस धसका घेतो, वाकणं सोडतो, स्नायू ढिले पडतात आणि दुखणं मुक्काम ठोकतं. (पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं ही लक्षणं वेगळी, तिथे मोबाइल ठेवून तडक रुग्णालय गाठावं.)

उपचारांच्या माहितीचा दर्जा जोखायला ऑक्सफर्डमध्ये ‘डिसर्न’ नावाची प्रश्नावली तयार झाली. ती १९९९मध्ये प्रसिद्ध झाली. सोळा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. माहिती कुठून घेतली, कधीची आहे, कशाबद्दल अजून खात्री नाही, हे लिहिलंय का? माझ्या मते सगळ्यात भेदक प्रश्न हा: काहीच उपचार केले नाहीत तर काय होईल, ते सांगितलंय का? कंबरदुखीची नवी उसळी बऱ्याचदा काही आठवड्यांत आपसूक ओसरते. तेलाची बाटली किंवा पट्टा विकणारा हे कशाला सांगेल?

सोपं आणि खरं एकत्र नांदू शकतं, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. १९९७पासून व्हिक्टोरिया राज्यात टीव्हीवर जाहिराती झळकल्या: पाठ दुखली तरी अंथरूण धरू नका, हिंडत-फिरत राहा, कामावर जा. लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, पाठदुखीपायी होणारे नुकसानभरपाईचे दावे घटले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये ही मोहीम नव्हती. तिथल्या समजुती होत्या तशाच राहिल्या.