शेतकऱ्यानें स्मार्टफोन घेतांना काय पाहावें

शेतकऱ्याच्या घरांत फोन ही आतां केवळ बोलण्याची वस्तु राहिलेली नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली. तत्पूर्वीं गांव नमुना १२ मधील पिकाची नोंद तलाठी करीत. आतां खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून फोनानें पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें व ती नोंद पाठवावयाची असते. कापूस हमीभावानें सी.सी.आय.ला घालावयाचा, तर २०२५-२६ च्या हंगामापासून 'कपास किसान' ॲपवर नांव नोंदवावें लागतें. सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा राहिला, म्हणजे पीकविमा, पीककर्ज व हमीभावाची खरेदी या तिन्ही ठिकाणीं अडचण उभी राहते. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अशा एका रकान्यापायीं हेलपाटे घालणारे खातेदार मीं पुष्कळ पाहिले. यास्तव फोन हें हौसेचें नव्हे तर शेतीचें अवजार मानावें, आणि ज्या कामास तें जुंपावयाचें त्याच कामावर त्याची पारख करावी.

पीक पाहणींत छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. म्हणून फोनाचा पहिला गुण म्हणजे आपण कोठें उभे आहों हें बिनचूक सांगणें. हें स्थान फोन उपग्रहांच्या लहरींवरून काढतो. त्यास मनोऱ्याची रेंज असलीच पाहिजे असें नाहीं. रेंज लागते ती नोंद पाठविण्यास. स्वस्त फोन बहुधा एल-१ ही एकच लहरपट्टी घेतात. मध्यम किंमतींतील कांहीं फोन एल-१ व एल-५ अशा दोन घेतात, आणि झाडाजवळ किंवा भिंतीच्या आडोशास त्यांचा अंदाज कमी चुकतो. ज्याचा तुकडा अर्ध्या एकराचा, त्याच्या बाबतींत पंचवीस-तीस मीटरांची चूक म्हणजे शेजाऱ्याच्या गटांत उभें राहणेंच होय. दुकानदारास विचारून हें कळत नाहीं. फोन घेऊन मोकळ्या आकाशाखालीं यावें, नकाशा उघडावा, आणि निळा ठिपका किती वेळांत स्थिर होतो व त्याभोंवतालचें वर्तुळ कितपत आकसतें तें डोळ्यांनीं पाहावें. बैल बाजारांत चालवून पाहिल्यावांचून आपण घेत नाहीं. मग येथेंच भीड कशाची?

त्याच वेळीं पडदाही उन्हांत पाहून घ्यावा. दुकानांतील दिव्याखालीं सर्वच पडदे झळकतात, पण भर दुपारीं तुरीच्या ओळींत उभें राहिल्यावर कित्येकांवरचें अक्षर दिसत नाहीं. खरिपाची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरांत, म्हणजे ऐन पावसाळ्यांत येते. ओल्या बोटास पडदा नीट दाद देत नाहीं, सबब खिशांत कोरडा रुमाल असावा. खोक्यावर आय.पी. अक्षरांपुढें दोन आंकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ असल्यास तुषार सोसतात, ६८ असल्यास पाण्यांत पडूनही कांहीं वेळ निभावतें. तरीही पाणी शिरून झालेला बिघाड हमींत बहुधा धरीत नाहींत, हें आधींच विचारून ठेवावें.

जाहिरातींतील मोठमोठ्या आंकड्यांना भुलूं नये. सोयाबीनचें पान ओळखूं येण्यास चार भिंगें लागत नाहींत. दोन-दोन मेगापिक्सेलचीं जादा भिंगें केवळ गणती वाढविण्यासाठीं असतात. रॅम सहा जीबी व सांठवण १२८ जीबी पुरेशी आहे. 'आभासी रॅम' म्हणून जी जोड सांगतात, ती सांठवणींतूनच उसनी घेतलेली असते. खऱ्या जोडीबरोबर कागदावरचा तिसरा बैल, इतकेंच तिचें मोल. बॅटरी ५००० एमएएचची असावी.

रेंजेची गोष्ट गांवोगांव निराळी. घाटाखालीं मलकापूर-नांदुऱ्याच्या सपाटीवर जें चालतें, तें सातपुड्याच्या पायथ्याशीं जळगांव जामोद-संग्रामपूरकडे चालेलच असें नाहीं. शेजाऱ्याचें सिम आपल्या शेतांत नेऊन पाहावें, मगच कंपनी ठरवावी. ५जी सेवा देशांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. नोंदीच्या कामास ४जी पुरतें, पण फोन चार-पांच वर्षें वापरावयाचा असल्यामुळें किंमतींत थोडाच फरक असेल तर ५जी घ्यावा.

आणखी एक प्रश्न फारसें कोणी विचारीत नाहीं, पण माझ्या मतें भिंगांपेक्षां तो महत्त्वाचा आहे : सुरक्षेच्या सुधारणा कंपनी किती वर्षें देणार ? त्या थांबल्या कीं कालांतरानें बँकेचीं व पैसे देण्या-घेण्याचीं ॲपें जुन्या फोनावर चालेनाशीं होतात, आणि धड दिसणारा फोन निकामी ठरतो.

घरांतील फोन हीं कामें करीत असेल तर नवा घेऊंच नये. एका फोनावरून अनेक खातेदारांच्या नोंदी करतां येतात. तेव्हां भावकींत एक चांगला फोन असला तरी भागतें.

खरेदीची पावती आय.एम.ई.आय. या पंधरा आंकडी क्रमांकासह घ्यावी. फोनांत तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबल्यास तो क्रमांक दिसतो. इंग्रजी के, वाय, एम हीं अक्षरें, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास फोन कोणत्या बनावटीचा आहे तें उलट उत्तरीं कळतें. जुना फोन घेणाऱ्यानें पैसे देण्यापूर्वींच हें करावें. फोन हरवल्यास पोलिसांकडे तक्रार देऊन तिची प्रत 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर चढविल्यास तो बंद करवितां येतो. त्या वेळीं हाच क्रमांक मागतात.