मामल्याच्या पिसवा आणि जिनिव्हाचे नियम

पावसाळा लागला की जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. अमुक गावात तापाचे रुग्ण वाढले, आरोग्य पथक दाखल, पाण्याचे नमुने तपासणीला रवाना. अशीच एक बातमी वाचून सिडकोतल्या एका वाचकांनी विचारलं, की हे सगळं वर कळतं का? आणि वर म्हणजे किती वर? जिल्हा परिषदेपर्यंत, मुंबईपर्यंत, की थेट जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत? प्रश्नात थोडी खोच होती. पण गावातली खबर जगापर्यंत पोचवण्याचे आजचे नियम ज्या घटनांमुळे बदलले, त्यांतली एक इथून दोन-तीन तासांच्या वाटेवर घडलेली आहे.

१९९४चा ऑगस्ट. बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी तक्रार केली ती तापाची नव्हे, पिसवांची. घराघरांत पिसवांचा सुळसुळाट झाला होता आणि उंदीर मरून पडत होते. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. त्या धास्तीने लोक घरं सोडून बाहेर राहिले, घरात साठवलेलं धान्य उंदरांना मोकळं मिळालं आणि त्यांची वीण वाढली, असं एक कारण तेव्हापासून सांगितलं जातं. ते पुरतं खरं मानायचं की नाही हा वाद बाजूला ठेवू. मेलेले उंदीर आणि पिसवा ही जोडी ऐकून मात्र कुणाचेही कान टवकारायला हवेत.

ही जोडी जुळवली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने, आणि तीही आपल्याकडच्या साथीत. मुंबईत प्लेगचे रुग्ण पाहताना आणि त्यानंतर कराचीत त्याला एक गंमत दिसली. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारा माणूस आजारी पडे, पण मरून दिवस उलटलेला उंदीर उचलणाऱ्याला काही होत नसे. उंदराचं अंग थंड पडलं की पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधायला निघतात, हा त्याचा तर्क. जून १८९८मध्ये त्याने एका काचेच्या भांड्यात प्लेग झालेला उंदीर ठेवला, जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवला आणि मधली ये-जा फक्त पिसवांवर सोपवली. पिसवा कमी पडू नयेत म्हणून त्याने त्या एका मांजराच्या अंगावरून मिळवल्या होत्या! निरोगी उंदीर प्लेगने मेला. सिमाँने निबंध छापला आणि मोठमोठ्यांनी तो उडवून लावला. परळच्या प्रयोगशाळेत पुढच्या मंडळींनी तेच पुन्हा सिद्ध करून दाखवेपर्यंत दहाएक वर्षं गेली. मामल्याच्या ग्रामस्थांनी सिमाँचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही, पण त्यांची तक्रार म्हणजे त्याच्या निबंधाचा सारांशच होता.

ऑगस्टच्या अखेरीस काखेत, जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. भारतात माणसातल्या प्लेगची आधीची पक्की नोंद होती १९६६ची, कर्नाटकातली. मधल्या अठ्ठावीस वर्षांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी प्लेग फक्त पाठ्यपुस्तकात वाचून बाहेर पडली होती. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गणपती विसर्जनाच्या सुमारास, सुरतेत फुप्फुसांच्या प्लेगने माणसं मरू लागली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. औषध दुकानांतून टेट्रासायक्लीन नाहीसं झालं.

जग घाबरलं. आखातातल्या अनेक देशांनी भारताची विमानं बंद केली, युरोपातल्या विमानतळांवर भारतातून आलेल्या प्रवाशांना वेगळं काढून तपासू लागले, माल परत जाऊ लागला. प्रवासबंदीची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. तिचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा स्वतः भारतात येऊन गेले. ऐकलं फारसं कुणी नाही. नुकसानीचे अंदाज दोन अब्ज डॉलरच्या आसपास जातात. आणि रोग किती होता? ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोजलेले संशयित रुग्ण ६९३ आणि मृत्यू ५६. या ६९३पैकी ४८८ महाराष्ट्रातले, पण मृत्यू बहुतेक सुरतेचे, म्हणून जगाच्या आठवणीत सुरत राहिली आणि मामला पुसलं गेलं. देशाबाहेर एकही रुग्ण गेल्याची नोंद नाही.

हा प्लेगच होता का, असा प्रश्न वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांच्यासारख्या जाणकारांनी तेव्हा जाहीरपणे विचारला. प्रश्न रास्त होता, कारण सुरुवातीच्या तपासण्या ढिसाळ होत्या. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या समितीने प्लेग असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०००मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी जनुकीय तपासणी करून जंतू प्लेगचाच असल्याचं दाखवलं. सहा वर्षांनी! विमानं बंद व्हायला सहा दिवसही लागले नव्हते.

तेव्हाचे आंतरराष्ट्रीय नियम १९६९चे होते. त्यांत उरले होते तीनच रोग: पटकी, प्लेग आणि पीतज्वर. देवी गेल्या म्हणून त्यांचं नाव १९८१मध्ये वगळलं होतं. एड्स त्यात नव्हता, इबोला नव्हता. आणि खबर फक्त सरकारने दिली तरच ती खबर. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून येत असले तरी सरकारकडून पत्र येत नाही तोवर संघटनेने अधिकृतपणे डोळे मिटून बसायचं. सरकारं पत्र का टाळत असत, हे कळायला प्राथमिक शाळेचा वर्ग पुरे. डोक्यात उवा झाल्याचं ज्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं तिलाच बाईंनी कोपऱ्यात एकटं बसवलं, तर दुसऱ्या दिवशी वर्गात कुणाच्याही डोक्यात उवा नसतात, डोकी खाजवणारी मुलं तेवढी असतात.

हा व्यवहार १९९४चा नव्हे, त्याच्या शंभर वर्षं आधीचा. आणि तोही आपलाच. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाने माणसं मरत होती. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस हे तिथे रुग्ण पाहत आणि महापालिकेचे सदस्यही होते. हा प्लेग आहे, असं त्यांनी पालिकेच्या स्थायी समितीपुढे सांगून टाकलं. हे धाडस होतं, कारण प्लेग हा शब्द उच्चारला की बंदराचा धंदा बसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. निदानाची खातरजमा करायला आणखी तज्ज्ञ नेमले गेले आणि व्हिएगस खरे ठरले. मुंबईच्या प्लेगची गोष्ट सांगताना लस काढणाऱ्या हाफकिनला पहिला मान देतात. माझ्या मते तो व्हिएगसांचा आहे. लस पुढच्या जानेवारीत आली. त्याआधी कुणीतरी रोगाचं नाव घ्यावं लागतं.

मग युरोप हलला. मुंबईच्या जहाजांना आपली बंदरं बंद करावीत असा सूर तिथे लागला आणि १६ फेब्रुवारी १८९७ला व्हेनिसमध्ये खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ब्रिटिश सरकारला तिथे दाखवायचं होतं, की आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. साथरोग कायदा मंजूर झाला ४ फेब्रुवारीला, परिषदेच्या बारा दिवस आधी. मुंबई-कराचीहून निघणारी हजची जहाजंही त्याच सुमारास थांबवली गेली. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले ते पुढच्या काही आठवड्यांत, आणि २२ जून १८९७ला काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. रँडच्या अरेरावीची सगळी कारणं व्हेनिसमध्ये होती असं मी म्हणणार नाही. सोल्जरांना माजघरात घालण्याची सक्ती व्हेनिसने केली नव्हती. पण गणेशखिंडीची गोष्ट आपण शिकतो आणि तिच्यामागचा तो व्यापाराचा दाब शिकतच नाही. त्यामुळे साथरोग कायदा हा निव्वळ आरोग्याचा कायदा वाटतो. मार्च २०२०मध्ये राज्य सरकारने करोनासाठी लागू केला तोच हा कायदा.

व्हेनिसच्या करारातच प्लेग आढळल्यास इतर सरकारांना ताबडतोब कळवण्याचं बंधन आलं. पुढे १९२५मध्ये राष्ट्रसंघाने सिंगापुरात कचेरी उघडली. आशियातल्या बंदरांकडून दर आठवड्याला तिथे तारा येत आणि कुठल्या बंदरात कसली साथ आहे याचा गोषवारा बिनतारी केंद्रांवरून प्रसारित होई. जावा बेटावरच्या अशा एका केंद्राचं नाव चक्क मलबार होतं. भर समुद्रात साथीची बातमी ऐकणारे ते खलाशी मला फार आवडतात, पण त्यांच्याबद्दल पुन्हा कधी.

१९९४ला सुरत झाली, १९९५ला काँगोतल्या किक्विटमध्ये इबोला, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने जुने नियम बदलायचा ठराव केला. दहा वर्षं घासाघीस चालली. मध्येच सार्स आला, चीनने तो लपवला, आणि रेंगाळलेल्या वाटाघाटींना गती मिळाली. २००५मध्ये मंजूर झालेले नवे नियम जून २००७पासून लागू आहेत. त्यांत रोगांच्या यादीपेक्षा घटनेला महत्त्व आहे. परिणाम गंभीर आहे का, प्रकार अनपेक्षित आहे का, देशाबाहेर पसरेल का, प्रवास-व्यापारावर बंधनं येतील का? चारपैकी दोन उत्तरं होय आली की जिनिव्हाला, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयाला, कळवायचं. घटनेचं मूल्यमापन ४८ तासांत आणि त्यानंतर २४ तासांत खबर. सर्वांत मोठा बदल मात्र नवव्या कलमात आहे. सरकारखेरीज इतर कुठूनही आलेली बातमी आता संघटना विचारात घेऊ शकते आणि त्या देशाला विचारू शकते, की हे खरं का?

आता वाचकांच्या प्रश्नाकडे. गावातली आरोग्यसेविका लक्षणं नोंदवते तो एस फॉर्म. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर संशयित निदान कळवतो तो पी. आपल्या घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणची प्रयोगशाळा पक्कं करते तो एल. २००४ला सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षणाची ही बाराखडी आता कागदावरून ऑनलाइन गेली आहे. जिल्हा सर्वेक्षण कक्ष, राज्य, मग दिल्लीतलं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र. जिनिव्हाशी बोलण्याचा भारताचा अधिकृत दुवा तेच. या केंद्रात २००८पासून बातम्या चाळून त्यांची शहानिशा करणारा कक्षही आहे. म्हणजे तुम्ही वाचली ती जिल्हा पानावरची बातमी हीसुद्धा एक खबरच आहे. बहुतेक खबरा तालुक्यातच निकालात निघतात आणि तसंच व्हायला हवं. २००२च्या फेब्रुवारीत हिमाचलमधल्या हाटकोटीला फुप्फुसांचा प्लेग आला, सोळा रुग्ण झाले, चार दगावले. तुम्हाला आठवतोय? नसेलच.

हल्ली दर महिन्याला कुणीतरी सांगतं, की आता हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्ता करेल. करोनाची चाहूल ब्लूडॉट या कॅनडातल्या कंपनीच्या यंत्रणेला ३१ डिसेंबर २०१९लाच लागली होती, असा दाखला तयार असतो. खरं आहे ते. पण यंत्राने काय केलं? वुहानमधल्या न्यूमोनियाची माणसांनी लिहिलेली बातमी वाचली. तिच्याही आधी वुहानमधल्या झांग जिशियान या डॉक्टरबाईंनी एका वृद्ध जोडप्याच्या छातीचे सीटी स्कॅन पाहिले होते. बरोबर आलेल्या मुलाला काही त्रास नव्हता, तरी त्याचाही स्कॅन करायला लावला. तिन्ही सारखे निघाले. २७ डिसेंबरला त्यांनी ते वर कळवलं. यंत्राला वाचायला काही मिळावं यासाठी आधी कुणीतरी त्या ठणठणीत मुलाला स्कॅनच्या टेबलावर झोपवावं लागतं, आणि मामल्याच्या पिसवांची तक्रार कुणीतरी लिहून घ्यावी लागते. सर्वेक्षणाच्या पैशांतला मोठा वाटा पडद्यांवर आणि आलेखांवर जात असेल आणि आरोग्यसेविकेची जागा रिकामी राहत असेल, तर त्या पडद्यांवर दिसणार काय?

वर्गातल्या कोपऱ्याचा प्रश्न मात्र यंत्रानेही सुटत नाही आणि नियमांनीही पुरता सुटलेला नाही. २४ नोव्हेंबर २०२१ला दक्षिण आफ्रिकेने करोनाचा नवा प्रकार संघटनेला कळवला. त्यांच्या संशोधकांनी तो झपाट्याने ओळखला होता आणि सगळी माहिती जगापुढे खुली केली होती. दोन दिवसांच्या आत ब्रिटनपासून अनेक देशांनी तिथून येणाऱ्या विमानांवर बंदी घातली. नव्या नियमांच्या ४३व्या कलमाप्रमाणे अशी जादा बंधनं घालणाऱ्या देशाने ४८ तासांत त्याची शास्त्रीय कारणं संघटनेला कळवायची असतात. ती पटली नाहीत तर संघटना त्या देशाला फेरविचार करायला सांगू शकते. त्यानेही ऐकलं नाही तर त्याला दंड करण्याची तरतूद त्या कलमात नाही.