केशरी, पिवळा, हिरवा : सर्वांना सारखेच दिसतात का?

कळमेश्वर तालुक्यातल्या बागांत संत्री रंगावर आली, की लांबूनच नजर तिकडे जाते. गर्द हिरवी पाने, त्यांत पिवळट पडू लागलेली काही फळे आणि पुरती केशरी झालेली काही. उबदार रंगांना हिरव्याची जोड देणारा हा तीन रंगांचा मेळ घराच्या भिंती, साड्या, दुकानांच्या पाट्या, शाळेतले तक्ते असा सगळीकडे दिसतो. तो इतका उठून का दिसतो, याचे उत्तर आपल्या डोळ्यांत आहे.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी दोन प्रकारांना अनुक्रमे सुमारे ५६० आणि ५३० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी सर्वाधिक जाणवतात. या दोघींच्या संदेशांत जो फरक पडतो, त्यावरून मेंदू लाल-केशरी आणि हिरवा वेगळे करतो. पानांतून पिकलेले फळ हेरण्यासाठी आपल्या पूर्वजांना ही दृष्टी उपयोगी पडली असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

मात्र, ही क्षमता सर्वांत सारखी नसते. या दोन पेशींतील रंगद्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषांत एक्स एकच असल्याने त्यातला दोष झाकायला दुसरे नसते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना, तर स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का जणींना लाल-हिरवा रंगदोष असतो. भारतात हे प्रमाण साधारणपणे त्याहून कमी आढळते. बाकी नजर उत्तम असल्याने अनेकांना याचा पत्ताच नसतो. रेल्वेत लोको पायलट होऊ पाहणाऱ्या तरुणाला तो थेट वैद्यकीय तपासणीत कळतो आणि वर्षांची तयारी वाया जाते. उतारवयात मोतीबिंदूमुळेही रंग फिके, पिवळसर दिसू लागतात.

म्हणून सजावटीत हे रंग मनासारखे वापरावेत. पण रंगातून काही सांगायचे असेल, तर केवळ रंगावर विसंबू नये. अंगणवाडीत बालकांच्या दंडाचा घेर मोजणारी पट्टी हे याचे चांगले उदाहरण. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; ११.५ ते १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. रंगांसोबत पट्टीवर आकडेही असतात. त्यामुळे रंग ओळखण्यात चूक झाली, तरी बालक उपचारावाचून राहत नाही.

घरी, शाळेत, दुकानात हेच सूत्र पाळता येते. तीनही रंग सारखेच गडद नसावेत : हिरवा गडद, पिवळा फिका आणि केशरी मधला ठेवावा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहावा. त्यात छटा वेगळ्या दिसल्या तर निवड योग्य. रंगासोबत शब्द, आकडा किंवा खूण द्यावी. वृद्धांच्या घरात पायरीची कड वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाने रंगवावी.

मूल पाने तपकिरी रंगवत असेल, खडू निवडताना वारंवार चुकत असेल, तर त्याला रागावू नये. नेत्रतज्ज्ञांकडे ठिपक्यांच्या आकड्यांची इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. जन्मजात रंगदोषावर औषध नाही. पण तो शाळेतच कळला, तर वर्गात बोलणी खावी लागत नाहीत आणि पुढचे क्षेत्रही विचारपूर्वक निवडता येते.