पाच मिनिटांचा डाव काय शिकवतो?

बुद्धिबळाचे नियम सर्वत्र सारखे असले, तरी डावाला मिळणारा वेळ बदलला की खेळाडूच्या मनात चालणारे कामही बदलते, आणि म्हणूनच जलद डावांनी खेळ सुधारतो की बिघडतो हा प्रश्न प्रशिक्षक व पालक यांच्यात पुन्हा पुन्हा उपस्थित होतो. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ म्हणजेच ‘फिडे’ वेळेनुसार तीन प्रकार मानते. साठ चालींच्या हिशेबाने प्रत्येक खेळाडूला ६० मिनिटे किंवा अधिक वेळ मिळत असेल तर तो पारंपरिक अर्थात क्लासिकल डाव, १० पेक्षा जास्त व ६० पेक्षा कमी मिनिटे मिळत असतील तर जलद म्हणजे रॅपिड, आणि १० मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ असेल तर अतिजलद म्हणजे ब्लिट्झ. मोबाइलवर खेळणाऱ्यांत याहूनही आखूड, एका मिनिटाचा ‘बुलेट’ डाव लोकप्रिय आहे.

ठाण्याच्या माजिवडा भागात किंवा कल्याण-डोंबिवलीत बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाचा दिवस शाळा, शिकवणी आणि प्रवास यांत वाटला गेलेला असतो, आणि क्लासिकल डाव त्या दिवसात सहजासहजी मावत नाही. ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे ३० सेकंदांची भर हा क्लासिकल स्पर्धांमधला प्रचलित वेळ धरला, तर साठ चालींचा एक डाव चार तास चालू शकतो. दिवसाला दोन डाव खेळवले तरी नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेला पाच दिवस लागतात. याउलट रॅपिड स्पर्धेच्या सात-आठ फेऱ्या एका रविवारी उरकता येतात. शहरी मुले जलद खेळाकडे वळतात त्यामागे उथळपणापेक्षा हे साधे गणित अधिक आहे, आणि त्यांना दोष देण्यापूर्वी ते ध्यानात घेतले पाहिजे.

जलद खेळताना डोक्यात नेमके काय घडते, याविषयी मानसशास्त्राने बराच विचार केला आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून असे दिसले की, खऱ्या डावातील स्थिती काही सेकंद दाखवून पट झाकला असता श्रेष्ठ खेळाडू ती जवळजवळ बिनचूक मांडतात, तर सामान्य खेळाडूंना थोड्याच सोंगट्या आठवतात. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवले की सोंगट्या पटावर अस्ताव्यस्त मांडल्या तर तज्ज्ञांची ही आघाडी जवळपास नाहीशी होते. याचा अर्थ असा की, तज्ज्ञाच्या स्मृतीत सुट्या सोंगट्या साठवलेल्या नसून सोंगट्यांचे अर्थपूर्ण समूह साठवलेले असतात, उदाहरणार्थ किल्लेकोटातला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि त्यांच्यावर रोखलेला उंट. आणि असा समूह दिसताच योग्य चाल मनात आपोआप उमटते. पाच मिनिटांच्या डावात खेळाडू प्रामुख्याने याच साठ्यावर खेळतो, कारण पुढच्या शाखा-उपशाखा मोजायला त्याला वेळच नसतो.

या दृष्टीने ब्रूस बर्न्स यांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. नेहमीच्या वेळेच्या पाच टक्क्यांहूनही कमी वेळ दिला असता खेळाडू कसे खेळतात, यावरून त्यांच्या एकूण कौशल्यातील फरकाचा ८१ टक्क्यांपर्यंतचा भाग सांगता येतो, असे त्यात आढळले. ब्लिट्झच्या समर्थकांना हा निष्कर्ष आवडतो, पण त्यातून जे सिद्ध होते ते मर्यादित आहे. संथ डावात बलवान असलेला खेळाडू जलद डावातही बहुधा बलवान असतो, एवढेच त्यातून कळते. ते बळ कोठून आले हे कळत नाही. त्याच सुमारास, २००३ मध्ये, ख्रिस्तोफर चाब्रिस आणि एलियट हर्स्ट यांनी ग्रँडमास्टरांचे डाव संगणकाकडून तपासून घेतले, तेव्हा रॅपिड डावांत क्लासिकल डावांपेक्षा मोठ्या चुका अधिक होतात असे दिसले. विचाराला वेळ मिळाला की श्रेष्ठ खेळाडूचा खेळही उंचावतो. बळ येते कोठून, या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर नील चार्नेस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात मिळते: खेळाडूच्या गुणांकनाशी सर्वांत घट्ट संबंध एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचा आढळला, आणि स्पर्धांमध्ये घालवलेल्या तासांचा संबंध त्यापेक्षा सैल निघाला.

यावर विश्वनाथन आनंद यांचे उदाहरण हमखास दिले जाते. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातील ताल क्लबमध्ये जिंकणारा पटावर बसून राही आणि हरणारा उठून पुन्हा रांगेत जाई, आणि त्या ब्लिट्झच्या शाळेत आनंद घडले, हे खरेच आहे. परंतु लहानपणी मनिला येथे राहत असताना त्यांच्या आई दूरचित्रवाणीवरील बुद्धिबळाचे कूटप्रश्न उतरवून ठेवत आणि मुलगा शाळेतून आल्यावर दोघे मिळून ते सोडवत, ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. १९८८ मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झालेले आनंद ज्या वेगाने पुढे आले, त्या वेगाखाली संथ कामाचा असा थर होता.

महाराष्ट्राला अधिक जवळचे आणि अधिक बोलके उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुख हिचे आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे झालेला महिला विश्वचषक तिने १९ व्या वर्षी जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. चीनची झू जिनेर, द्रोणावल्ली हरिका आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी या तिघींविरुद्ध क्लासिकल डावांत कोंडी फुटली नाही आणि निकाल टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या, जलद डावांत लागला. हंपी २०१९ आणि २०२४ ची जागतिक रॅपिड विजेती, म्हणजे दिव्याने तिला तिच्याच प्रांतात हरवले. मात्र उपांत्य फेरीत माजी जगज्जेत्या तान झोंगयीविरुद्ध दिव्याने क्लासिकल प्रकारात १०१ चालींचा डाव जिंकला, आणि त्या विजयानेच ती टायब्रेकशिवाय अंतिम फेरीत पोहोचली. शिवाय टायब्रेकचा तो जलद डाव १५ मिनिटांचा, वर प्रत्येक चालीमागे १० सेकंदांची भर असलेला होता. रेल्वेच्या डब्यात मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या तीन मिनिटांच्या डावाशी त्याची तुलना करणे चुकीचे ठरेल.

आजच्या सर्वोच्च स्पर्धांत जलद खेळ टाळता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. २०१८ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत मॅग्नस कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्या क्लासिकल गुणांकनात अवघ्या तीन गुणांचे अंतर होते आणि बाराही डाव बरोबरीत सुटले; रॅपिडमध्ये मात्र कार्लसनने सलग तीन डाव जिंकले. घड्याळ संपत आले असताना हात न थरथरता निर्णय घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते जलद डावांतच अंगी बाणते. नव्याने शिकलेला प्रारंभ, म्हणजे डावाच्या पहिल्या दहा-पंधरा चालींची आखणी, अनेक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध पडताळून पाहण्यासाठीही ब्लिट्झ उपयोगी पडते.

हानी होते ती वेगळ्या ठिकाणी. क्लासिकल डावात प्रत्येक चाल लिहून ठेवणे खेळाडूवर बंधनकारक असते, आणि डाव संपल्यावर तो कागद घेऊन दोघे प्रतिस्पर्धी कोठे काय चुकले याची चर्चा करतात. खेळाडू घडवण्यात या चर्चेचा वाटा फार मोठा आहे. पटावरील अतिजलद डावात नोंद ठेवावी लागत नाही, त्यामुळे डावाबरोबर त्यातील चूकही विसरली जाते. मोबाइलवर प्रत्येक डाव आपोआप जतन होतो, तरीही हरलेला मुलगा मागे वळून न पाहता पुढच्या डावाचे बटण दाबतो, आणि तीच चूक रात्री वीस वेळा झाली की तिची सवय होते. त्यातही वेळेची भर नसलेल्या डावात हरलेल्या स्थितीतून केवळ प्रतिस्पर्ध्याचे घड्याळ संपवून जिंकता येते. अशा विजयाने गुण वाढतात आणि अंतिम खेळ, म्हणजे थोड्या सोंगट्या उरल्यावरचा बारकाईचा भाग, कच्चाच राहतो. नवशिक्याच्या बाबतीत हा धोका सर्वांत जास्त, कारण त्याच्या स्मृतीत अजून समूहांचा साठाच नसतो आणि जलद डाव त्याच्याकडून नसलेले भांडवल खर्च करायला लावतो.

ठाणे परिसरातील मंडळांनी आणि वर्गांनी यातून एक व्यवहार्य वाट काढण्यासारखी आहे. पाच दिवसांची स्पर्धा भरवणे जमत नसेल, तर महिन्यातील एका रविवारी प्रत्येक मुलाला एकच दीर्घ डाव खेळायला द्यावा, तो लिहून घ्यावा, आणि संगणक उघडण्यापूर्वी दोन्ही मुलांनी आपापल्या चालींमागचा विचार प्रशिक्षकासमोर सांगावा. उरलेल्या रविवारच्या रॅपिड स्पर्धा चालू राहण्यास हरकत नाही, मात्र प्रत्येक स्पर्धेतील निदान दोन हरलेले डाव मुलाने घरी पटावर पुन्हा मांडून पाहावेत.