मंगळावर जीवसृष्टी आहे का?



मंगळाचा धडा सुरू झाला की वर्गात एक हात हमखास वर येतो. "मंगळावर कोणी राहतं का?" बाकीची मुलं हसतात. पण त्यात हसण्यासारखं काही नाही. याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं मंगळावर यानं पाठवत आहेत. आज आपण उत्तर तर पाहूच, पण ते ठरवायचं कसं, हेही समजून घेऊ.

कालव्यांची गोष्ट

१८७७ मध्ये शियापरेली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. त्याने त्यांना 'कनाली' म्हटलं. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ चर किंवा प्रवाहाचा मार्ग असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे 'कालवे' झाले. कालवे म्हटले की ते खोदणारा कोणीतरी हवाच! अमेरिकेतल्या पर्सिव्हल लोवेलने तर मंगळावरच्या बुद्धिमान प्राण्यांनी पाण्यासाठी कालवे काढले, असं पुस्तकांतून मांडलं. पुढे १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं. त्याच्या फोटोंत कालवा एकही नव्हता, होती ती विवरं आणि ओसाड जमीन. रेषा हा डोळ्यांचा भास होता.

यातून पहिला धडा मिळतो: आपल्याला जे दिसावंसं वाटतं, ते दिसलं की जास्तच तपासून पाहावं.

आज मंगळ कसा आहे?

मंगळाचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा आहे. त्याचा आस आपल्या पृथ्वीसारखाच कललेला आहे, म्हणून तिथे ऋतूही आहेत. इथवर सगळं ओळखीचं वाटतं. पण तिथलं सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे आणि त्या हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साईड आहे. इतक्या कमी दाबात पाणी द्रवरूपात टिकत नाही, ते गोठतं नाहीतर उडून जातं. सूर्याची अतिनील किरणं थेट जमिनीवर पोचतात. म्हणजे पृष्ठभागावर जगणं फारच कठीण.

पण पूर्वी?

साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा मंगळ वेगळा होता. तिथे नद्या वाहत होत्या, तळी होती. २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी या रोव्हरला गेल विवरात जुन्या तळ्याचा चिखल दगड झालेला सापडला. त्या तळ्याचं पाणी फार आम्लयुक्त नव्हतं, फार खारटही नव्हतं. दगडात कार्बन, नायट्रोजन, गंधक, फॉस्फरस ही जीवांना लागणारी मूलद्रव्यं मिळाली. पुढे मंगळाचं चुंबकीय क्षेत्र नाहीसं झालं, सौरवाऱ्याने वातावरण हळूहळू ओढून नेलं आणि ग्रह कोरडा पडला.

इथे एक चूक बरेच जण करतात. घर राहण्याजोगं आहे, म्हणून तिथे कोणी राहत होतं असं म्हणता येतं का? नाही ना! पाणी होतं म्हणजे जीव होते, असंही म्हणता येत नाही.

व्हायकिंगचा प्रयोग

१९७६ मध्ये दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. त्यांनी तिथल्या मातीत पोषक द्रवाचे थेंब टाकले. त्या द्रवात किरणोत्सारी कार्बन होता. सूक्ष्मजीवांनी तो खाल्ला, तर तोच कार्बन वायूच्या रूपात बाहेर पडेल, अशी कल्पना. आणि वायू खरंच बाहेर पडला! पण दुसऱ्या उपकरणाला मातीत जीवांचे म्हणावेत असे सेंद्रिय पदार्थ मिळाले नाहीत. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले. अशा तीव्र रसायनांमुळेही जीवांशिवाय वायू बाहेर पडू शकतो, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

बिबट्याचे ठिपके

२०२१ मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हर जेझेरो विवरात उतरला. तिथे पूर्वी एक नदी तळ्याला मिळत होती. २०२४ मध्ये त्याला तांबूस दगडावर काळ्या कडांचे फिकट ठिपके दिसले, अगदी बिबट्याच्या अंगावर असतात तसे. त्यांत लोह, फॉस्फरस आणि गंधक यांची खनिजं असावीत असं दिसतं. पृथ्वीवर अशी खनिजं पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या कामामुळे तयार होतात. पण ती जीवांशिवायही होऊ शकतात. म्हणून २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी शब्द जपून वापरले: 'जीवनाची संभाव्य खूण'. त्या दगडाचा नमुना नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत येईल तेव्हाच नीट तपासता येईल.

आपलं लोणार

अशी परीक्षा करण्यासाठी पृथ्वीवरच्या मंगळासारख्या जागा उपयोगी पडतात. त्यांपैकी एक आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेलं आहे आणि मंगळाची जमीनही मुख्यतः बेसाल्टचीच आहे. लोणारचं पाणी खारट आणि अल्कधर्मी, तरी त्यात सूक्ष्मजीव मजेत राहतात. २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेही मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळेच! जीव किती चिवट असतो, हे यावरून कळतं. मंगळावर आज काही जगत असेलच, तर ते जमिनीखाली, किरणांपासून दूर असण्याची शक्यता जास्त.

मग उत्तर काय?

मंगळावर जीव सापडलेला नाही. एकेकाळी जीव जगू शकेल अशी जागा तिथे होती, हे मात्र पक्कं झालं आहे. या दोन वाक्यांतलं अंतर भरून काढायचं काम अजून बाकी आहे, आणि ते कदाचित तुमच्यापैकीच कोणी करेल.

आता पुढच्या वेळी "मंगळावर जीव सापडला!" अशी बातमी वाचलीत, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. नेमकं काय सापडलं? ते जीवांशिवाय होऊ शकतं का? दुसऱ्या कोणी ते तपासलं का? उत्तरं वहीत लिहा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.